भिवरा आधी जेवते

परवा बऱ्याच वर्षांनी गावच्या शेतात उभी होते. शेत आता आमचं नाही, पण बांधावरची बोर तीच आहे, म्हणून हक्कानं आत शिरले. वेचणी चालली होती. बायका कपाशीच्या पऱ्हाटीत वाकलेल्या, कमरेच्या ओट्या कापसानं फुगलेल्या, आणि एका पोरीच्या ओटीत कापसाच्या गादीवर मोबाइल ठेवलेला. त्यातून कुठल्याशा मालिकेतली सून रडत होती. बायकांचे हात बोंडांवर आणि कान त्या सुनेकडे. सून रडतच राहिली, सासू बोलतच राहिली, आणि इतक्या बायकांमधून एकीनंही 'हूं' म्हटलं नाही.

मला ते खटकलं. मला पुष्कळ गोष्टी खटकतात. लहानपणी घरात मला फौजदार म्हणत, ते काही लाडानं नव्हे. दूध कमी भरलं तर मांजरीच्या आधी माणसांचे ओठ बघणारी पोर मी. पण गोष्ट चालू आहे आणि हुंकारा द्यायला कुणी नाही, हे आमच्या वेळी चालत नसे. सांगणाऱ्यानं एक वाक्य टाकायचं, ऐकणाऱ्यानं 'हूं, मंग?' म्हणायचं, तेव्हा कुठे पुढचं वाक्य यायचं. आणि ज्यानं पहिला हुंकारा दिला त्यानंच तो शेवटपर्यंत द्यायचा. त्याचा हुंकारा थांबला की गोष्ट जागच्या जागी थांबली. मग बाकीच्यांनी कितीही घसा फोडला तरी उपयोग नाही.

आमच्याकडे आणखी एक नियम होता, याहून कडक. गोष्ट सांगायची ती दिवेलागणीनंतर. दिवसा गोष्ट सांगितली तर मामा वाट चुकतो. कुणाचा मामा? सांगणाऱ्याचा, ऐकणाऱ्याचा, ज्याचा कुणाचा वाटेवर असेल त्याचा. मी दुपारी गोष्टीचा हट्ट धरला की माझी मोठी बहीण, अक्का, हेच सांगून मला पिटाळायची. 'मामा वाट चुकीन नं वं,' म्हणायची, आणि मी गप्प बसायची. कारण मामा मला प्रिय होता, आणि त्याच्या पिशवीतली शेव त्याच्याहून थोडी अधिक.

म्हणूनच ज्या हिवाळ्यात अक्कानं भर दिवसा, भर शेतात गोष्ट सांगायला घेतली, त्या हिवाळ्यात मला पहिल्या वाक्यापासून संशय आला.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. आमचं गाव पुलगावहून पायी जाण्यासारखं, देवळीच्या अंगाला. तिथल्या कापडगिरणीचा भोंगा आमच्या शेतात ऐकू यायचा आणि तिची चिमणी बांधावर उभं राहिलं की दिसायची. घड्याळ कुणाकडे नव्हतं. भोंग्यावर भाकऱ्या व्हायच्या, भोंग्यावर बैल सुटायचे. वेचणी सकाळी लवकर लागायची, पऱ्हाटीवर दव असेतो, कारण तेव्हा वाळलेली पानं ओलसर असतात आणि त्यांचा चुरा कापसाला चिकटत नाही. थंडीनं बोटं बधिर झालेली, आणि बोंडाची टोकं नेमकी नखाच्या कडेला बोचायची. दवाचा, मातीचा आणि सरकीचा मिळून एक वास यायचा, थोडा तेलकट, थोडा गोडसर. ऊन चढलं की बायका पदर पुढे ओढत, बांधावर गाठोडी सुटत. ज्वारीची भाकर, ठेचा, कांदा, आणि बहुतेक दिवस अंबाडीची भाजी. अंबाडी अक्काला मुळीच आवडायची नाही. हे ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

अक्का तेव्हा सोळा-सतराची. सातवी पास झालेली गावातली ती एकटीच मुलगी. शाळेच्या गुरुजींनी बाबांना सांगितलं होतं, वर्ध्याला मुलींना मास्तरणीच्या ट्रेनिंगला घेतात, पाठवा. बाबा हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. ते म्हणाले, 'मामा येऊ दे.' बैल घ्यायचा असो की भिंत पाडायची असो, मामा आल्याशिवाय आमच्या घरात पान हलत नसे. आणि मामाचा सांगावा आला तो असा, की धामणगावाकडचं एक स्थळ आहे, येत्या बुधवारी पाहुण्यांना घेऊनच येतो. माणूस बिजवर, घरात पहिलीची दोन लेकरं, शेती बक्कळ.

माय बाबांना म्हणाली, 'शाळेचं काई बोलू नका त्याइच्यासमोर. सातवी शिकेल पोरगी म्हनलं का लोकाइले धाक वाटते.'

हे मी दाराआडून ऐकलं. फौजदाराला सगळं ठाऊक असावं लागतं.

सांगावा आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, तास, म्हणजे पऱ्हाटीची ओळ, धरून वेचताना अक्का एकदम म्हणाली, 'वर्धा नदीच्या काठी एक नावाडी राहे. त्याले एक पोरगी, भिवरा.'

बायकांचे हात थांबले. त्यांच्यात सगळ्यांत म्हातारी गयाबाई. माय लग्न होऊन आली तेव्हापासून ती आमच्याकडे वेचणीला यायची. तिनं कमरेवर हात ठेवून आधी सूर्याकडे पाहिलं, मग अक्काकडे. 'दिवसा वं, पोरी?'

'मोठी हाय गोष्ट,' अक्का वर न बघता म्हणाली. 'रातच्यानं सरत नाई.'

आणि माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, 'हूं, मंग?'

झालं. आता शेवटपर्यंतचा हुंकारा माझ्या गळ्यात पडला.

भिवरा काय बाई होती! बाप तापानं फणफणला तर ही पुरात नाव घालायची. राजाचा कारभारी नावेत चढला तर त्याला सांगायची, पागोटं मांडीवर घेऊन बस, उडालं तर मी आणायला जाणार नाही. सापाला भ्यायची, माणसाला नाही. रडायची नाही असं नव्हतं, पण रडताना हातातलं वल्हं सोडायची नाही. आणि तिला भूक लागायची.

'नाव लावली काठाले,' अक्का सांगत होती, 'हात धुतले, अन् बसली जेवाले. बाप अजून घरी याचा होता, भाऊ बी याचा होता. पन तिले भूक लागली होती.'

'आंधी?' कुणीतरी किंचाळलंच. 'बाप्याइच्या आंधी?'

'आंधी.'

सगळा तास हसला. गयाबाई तर इतकी हसली की तिच्या ओटीतला कापूस सांडला. पण न्याहारीच्या वेळी मी नीट पाहिलं. रोज सगळ्यांना पाणी देऊन मग भाकर सोडणाऱ्या गयाबाईनं त्या दिवशी आधी भाकर खाल्ली. घागर उचलायला गेली ती जेवून, पदराला तोंड पुसत.

दोन-तीन दिवस गोष्ट चालली. एकदा भिवराच्या भावजयीनं तिला अंबाडीची भाजी वाढली, आणि भिवरानं ताट सरकवलं. तिथे माझा संशय पक्का झाला. नदीकाठी मासे खाऊन वाढलेल्या नावाड्याच्या पोरीला अंबाडीचं काय वाकडं? ही भिवराबिवरा कुणी नव्हे, ही आमची अक्का. मग तर मला तिचा रागच आला. कारण रोज संध्याकाळी मी बघत होते की हीच अक्का सगळ्यांच्या मागून मायबरोबर बसते आणि भांड्याच्या तळाशी उरलेली अंबाडी निमूट खाते. शेतात एक आणि घरात एक. मला ते शुद्ध खोटं वाटलं.

दुसऱ्या दिवशी वेचताना मी तिच्या तासाला लागूनच तास धरला.

'अक्का, मामा यिऊन राह्यला नं?'

'हो.'

'मंग दिवसा काऊन सांगून राह्यली गोष्ट?'

तिचा हात बोंडावर थांबला. ती माझ्याकडे बघेना. 'तू हुंकारा दे फक्त,' म्हणाली.

'तुले मामा चुकवाचा हाय.'

चोर पकडला होता, पण चोराचा चेहरा इतका पांढरा पडलेला मी तोवर पाहिला नव्हता. तरी मी बधले नाही. माझा मामा! माझ्याच हुंकाऱ्यावर पाय देऊन ही त्याला रानोमाळ फिरवणार? मी ओठ घट्ट मिटले. गोष्ट ऐन नदीत अडकली. नाव पाण्यात, नावेत भिवरा, आणि पलीकडच्या काठावर तिला बघायला आलेले पाहुणे ओरडतायत, 'नाव आन! नाव आन!'

बायका माझ्यावर चिडल्या. 'दे नं वं पोरी हुंकारा! थे बिचारी तिथंच भिजून राह्यली!' मी ढिम्म. भोंगा वाजला तरी भिवरा पाण्यातच होती.

त्या संध्याकाळी मायनं अक्काची सातवीची पुस्तकं, पाटी, सगळं एका धोतराच्या तुकड्यात बांधलं आणि पाहुण्यांना दिसू नये म्हणून माळ्यावर टाकायला घेतलं. शिडी हलत होती. माय म्हणाली, 'धर वं,' आणि अक्कानं शिडी धरली. दोन्ही हातांनी, पडू नये म्हणून नीट धरली. माझ्या मनात आलं, भिवरानं धरली नसती. आणि मला एकदम रडू फुटलं. कशानं, ते सांगता येईना. मायला वाटलं दात दुखतोय, तिनं लवंग दिली.

दुसऱ्या दिवशी दव वाळायच्या आत मीच अक्काजवळ जाऊन म्हटलं, 'हूं, मंग?' आणि मनातल्या मनात देवाला सांगितलं की मामाला चुकव, पण थोडाच चुकव, आणि शेव ओली होऊ देऊ नकोस.

अक्कानं गोष्ट पुन्हा सुरू केली, पण बुधवारपर्यंत नाव नदीतच फिरवत ठेवली. बुधवारी माय पहाटेपासून कामाला लागली. सारवलेल्या अंगणाचा ओला वास आणि शिजणाऱ्या पुरणाचा वास घरभर एकमेकांत मिसळले होते. दुपारच्या गाडीची शिट्टी पुलगावच्या बाजूनं ऐकू आली. आम्ही वाटेकडे डोळे लावून बसलो. मामा आला नाही. अंधार पडला. गुरुवारीही आला नाही. बाबा स्टेशनपर्यंत जाऊन हात हलवत परत आले. पुरण आंबलं. माय उंबऱ्यात बसून राहिली.

मला वाटलं होतं अक्का खूश होईल. ती घाबरून गेली होती. मीही घाबरले. थोडाच म्हटलं होतं ना मी देवाला? आपण कुठे पाठवला मामाला? नदीत तर नाही? शेतात कुणी मोठ्यानं बोलेना. गोष्टीचं कुणी नाव काढेना. एकटी गयाबाई तेवढी तिच्या चालीनं वेचत होती, आणि मधूनच काहीतरी गुणगुणत होती. तेही मला खटकलं.

शुक्रवारी न्याहारीच्या सुमारास मामा सरळ शेतातच आला. एकटा. बोरीखाली बसला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, पिशवी माझ्या हातात दिली. पिशवीत शेव होती. कोरडी, कुरकुरीत. मी लगेच मूठभर तोंडात घातली.

'वाट चुकलो बाई,' मामा म्हणाला. 'जलमभर याच वाटेनं येतो, अन् चुकलो.'

अक्काला विचारायचा धीर होईना. गयाबाईनंच विचारलं, 'अन् पाहुणे?'

'पाहुणे कंटाळले. गेले वापस.'

मग त्यानं सगळ्यांवरून सावकाश नजर फिरवली. 'दिवसा गोष्ट कोन सांगून राह्यलं इथं?'

बायका बोंडांत अशा काही गढून गेल्या की विचारू नका.

'सांगत असन कोनी, तं पुरी करा,' मामा म्हणाला. 'अर्धी ठेवली तं मी घरी कसा पोचू? पुन्हा चुकीन नं.'

अक्का ओटी दोन्ही हातांनी गच्च धरून उभी होती. इतके दिवस राजाच्या कारभाऱ्याला न भिणारी भिवरा मामाच्या एका वाक्यासरशी नावेत खिळून बसली. आता अक्का बोलली नाही तर मामा उठणार, घरी जाणार, बाबांशी बसून दुसरं स्थळ काढणार, आणि पुस्तकं माळ्यावर राहणार. हे मला तेवढ्या वयातही लख्ख कळलं. मी तोंडातली शेव कशीबशी गिळली आणि म्हटलं, 'हूं. मंग?'

'मंग...' अक्का सांगू लागली. 'पाहुणे वरडत व्हते, नाव आन. त्याइच्यात भिवराचा मामा बी व्हता. भिवरानं नाव काठापाशी आनली, पन टेकवली नाई. म्हने, मामा, तुमाले नेतो. पाहुण्याइले नाई नेत.'

आता माझा हुंकारा. पण मघाची शेव घशाला लागून मला असा ठसका लागला की 'हूं'सुद्धा निघेना. पलीकडे चिमणीचा धूर सरळ वर जात होता. आणि बोरीखालून आवाज आला, 'हूं. काऊन नाई नेत?'

हा नियमभंग होता, पण मामाला कोण सांगणार?

'काऊन का,' अक्का म्हणाली, आणि आता ती सरळ मामाकडे बघत होती, 'तिले पुढं शिकाचं हाय. वर्ध्याले जाऊन मास्तरीन व्हाचं हाय.'

राजे-कारभाऱ्यांच्या काळातली नावाड्याची पोरगी वर्ध्याला मास्तरीण व्हायला निघाली, आणि इतक्या बायकांत एकही हसली नाही.

मामा बराच वेळ तंबाखू मळत राहिला. मग म्हणाला, 'हूं.' उठला, धोतर झटकलं. 'सरली गोष्ट?'

'सरली.'

'मंग चाल घरी. मले भूक लागली. तुले नाई लागली?'

त्या दिवशी अक्का मामाच्या शेजारी पाटावर बसली. मायनं सवयीनं अंबाडी वाढली आणि अक्कानं ताट थोडंसं, बोटभरच, बाजूला सरकवलं. मायनं डोळे वटारले, मामा खाली मान घालून जेवत होता. हात धुताना तो बाबांना म्हणाला, 'जाऊ द्या पोरीले वर्ध्याले.' का, कशासाठी, हे मामाला विचारायची आमच्याकडे पद्धत नव्हती. संध्याकाळी पुस्तकं माळ्यावरून खाली आली. शिडी या वेळी मायनं धरली.

पण माझं समाधान झालं नव्हतं, आजही झालेलं नाही. मामानं धोतर झटकलं तेव्हा मी खाली बघितलं होतं. हिवाळ्यात आमच्या शिवारातून नुसता फेरफटका मारला तरी कपड्यांना कुसळं चिकटतात, संध्याकाळी ती वेचत बसावं लागतं. दोन दिवस वाट चुकलेल्या माणसाच्या धोतराला एक कुसळ नव्हतं. आणि एवढी उंच चिमणी दिसत असताना पुलगावहून माणूस चुकेल कसा? शिवाय भर वेचणीत कधी खाडा न करणारी गयाबाई नेमकी त्या सोमवारी पुलगावच्या बाजाराला गेली होती. मामाच्या गावचे, धामणगावाकडचे लोकही त्याच बाजाराला येतात. पुढच्या आठवड्यात तिच्या चंचीतून जो तंबाखूचा वास येत होता तो मामाच्या तंबाखूचा होता. माझं नाक तेव्हाही फसत नसे.

मी गयाबाईला उलटसुलट विचारलं. ती म्हणाली, 'दिवसा गोष्ट सांगतली तं मामा चुकतेच वं.' मामाला विचारलं. तो म्हणाला, 'फौजदार, शेव खाय.' दोघंही पुढे एकेक करून गेले, आणि कुणी कबुली दिली नाही.

अक्का मास्तरीण झाली. आर्वीकडच्या खेड्यांतून तिनं जन्मभर पोरी शिकवल्या, आणि मधल्या सुट्टीत त्यांच्यासमोर बसून स्वतःचा डबा आधी उघडायची. तिच्याच धाकानं मी वाचायला लागले आणि मला पुस्तकांतल्या पुष्कळ नायिका भेटल्या. तेजस्वी, सोशीक, त्यागी. लोक म्हणत, यांच्यापासून शिका. मी आधी त्यांची झडती घेते. हिला घडवली कुणी? हिच्या गुणांचा फायदा होतो कुणाला? आणि मुख्य म्हणजे, ही बाई जेवते कधी? पानांमागून पानं उलटली तरी जिला भूकच लागत नाही, ती मला कुणाच्या तरी सोयीसाठी बनवलेली वाटते. जिला लागते, तिच्यामागे मला एक घाबरलेली पोर उभी दिसते, ओटी दोन्ही हातांनी धरून. अशा नायिकेवर माझा जीव जडतो. अक्का मला तेव्हा खोटी वाटली होती. ती खोटी नव्हती. नदी उतरताना माणूस आधी काठी पुढे घालून पाण्याचा ठाव घेतो, मग पाय टाकतो. अक्कानं भिवराला पुढे घातलं होतं, एवढंच.

गेल्या उन्हाळ्यात, ती जायच्या थोडे दिवस आधी, मी तिच्या खाटेजवळ बसले होते. शेवटची संधी म्हणून विचारून घेतलं, 'अक्का, मामा खरंच चुकला होता का गं?'

ती हसली. दात नव्हते, तरी हसणं तेच. 'तुले अजून बी संशयच?' म्हणाली, आणि कूस बदलून झोपली. मला तिची फार आठवण येते.

तर परवा शेतात उभी होते. मोबाइलमधली सून रडता रडता मध्येच गप्प झाली. बॅटरी संपली असावी. ती पोरगी माझ्याकडे बघून लाजल्यासारखी हसली. सोळा-सतराची असेल. कोण, कुठल्या, अशी चौकशी झाली. मी म्हटलं, 'आमच्या वेळी इथं वेचताना गोष्ट सांगत. एका नावाड्याच्या पोरीची. सांगू?'

'नको नं आजी,' ती घाईनं म्हणाली. 'दिवसा गोष्ट नाई सांगत. मामा वाट चुकते.'

तो नियम अजून जिवंत आहे हे ऐकून मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. गमतीनंच विचारलं, 'का गं, तुझा मामा येऊन राह्यला का?'

तिचा हात बोंडावर थांबला. ते थांबणं माझ्या ओळखीचं होतं.

'आयतवारी,' ती म्हणाली. 'पाहुणे घिऊन.'

बाकीच्या बायका पुढच्या तासाला लागल्या होत्या. तिनं ते बोंड वेचलं, ओटीत टाकलं, मोबाइल कापसात खोल खुपसला. मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, 'मोठी हाय का, आजी, गोष्ट?'

'आयतवारपर्यंत पुरेल,' मी म्हटलं.

'मंग सांगा नं,' ती म्हणाली. 'हुंकारा मी देतो.'